लिनक्सवर स्लीप-हायबरनेट दिसत नाही? खर्च करण्याआधी हे तपासा

संगणक बंद करायला गेलं की यादीत 'शट डाउन' आणि 'रिस्टार्ट' एवढंच दिसतं. 'सस्पेंड' गायब, 'हायबरनेट' तर कधी दिसलाच नाही. ही तक्रार घेऊन दुरुस्तीला गेलात तर 'फॉरमॅट मारावा लागेल' किंवा 'बोर्डात बिघाड आहे' असं ऐकायला मिळू शकतं. पहिल्या उत्तरापायी पाचशे-हजार रुपये आणि कधी कधी सगळा डेटा जातो, दुसऱ्यापायी काही हजार.

बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. झोपेचा पर्याय दाखवण्याआधी लिनक्स स्वतःशीच तपासून घेतं: या यंत्राला झोपता येईल का, आणि त्यासाठी लागणाऱ्या अटी पुऱ्या आहेत का? उत्तर 'नाही' आलं की तो पर्याय यादीतून काढून टाकतं. म्हणजे पर्याय न दिसणं हा बहुधा बिघाड नसतो, एखादी अट पुरी झालेली नसते. ती अट कोणती, हे शोधायला एक पैसाही लागत नाही. आधी कारण, मग खर्च. हा क्रम सांभाळलात तर पुष्कळ पैसे वाचतील.

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ज्यावर चालत नाही असा जुना पण धडधाकट संगणक भंगारात देण्यापेक्षा त्यावर उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन किंवा सी-डॅकची 'बॉस' प्रणाली टाकून वापरणं केव्हाही चांगलं. या चारही फुकट मिळतात. बॉस, उबुंटू आणि मिंट या तिन्हींचं मूळ डेबियनच असल्याने खालची तपासणी सगळ्यांना जवळपास सारखीच लागू पडते. नेवासा तालुक्यातल्या नेवासा शहर, सोनई, घोडेगाव, कुकाणा, भेंडा इथले दुकानदार, शिक्षक, सेवा केंद्र चालवणारे आणि कॉलेजची मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

कोणती झोप कामाची?

सस्पेंड म्हणजे साधी झोप. उघडं काम रॅममध्ये राहतं, रॅमला थोडी वीज मिळत राहते, बाकी जवळजवळ सगळं थांबतं. बटण दाबलं की काही सेकंदांत काम होतं तिथून सुरू होतं. पण डेस्कटॉपला बॅटरी नसते. मधे वीज गेली तर रॅम रिकामी होते आणि जतन न केलेलं सगळं जातं.

हायबरनेटमध्ये रॅममधला सगळा मजकूर डिस्कवरच्या 'स्वॅप' नावाच्या जागेत लिहिला जातो आणि संगणक पूर्ण बंद होतो. प्लग काढला तरी काम सुरक्षित. पुन्हा सुरू व्हायला सस्पेंडपेक्षा जास्त वेळ लागतो, एवढाच तोटा.

तिसरा प्रकार हायब्रिड स्लीप. यात मजकूर डिस्कवरही लिहिला जातो आणि रॅमही जागी राहते. वीज टिकली तर संगणक चटकन उठतो, गेली तर डिस्कवरून काम परत येतं.

घोडेगावच्या कांदा बाजारात लिलावाचा दिवस आहे, आडतीच्या गाळ्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या निम्म्या झाल्या आहेत आणि जेवायला उठायचंय, असं धरा. संगणक सस्पेंड केला आणि तेवढ्यात फीडर ट्रिप झाला, तर त्या पट्ट्या पुन्हा करायच्या. वादळात तार तुटणं, देखभालीसाठी दिवसभर वीज बंद असणं हे आपल्याकडे नेहमीचं. म्हणून यूपीएस नसेल तर नुसत्या सस्पेंडवर विसंबू नका. हायबरनेट किंवा हायब्रिड स्लीप चालू करून घेणं आपल्या तालुक्यात जास्त मोलाचं आहे.

वीजबिलात फरक किती?

रिकामा पण चालू असलेला साधा डेस्कटॉप मॉनिटरसह ५० वॅट घेतो असं धरू. संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत, म्हणजे १४ तास तो तसाच राहिला तर रोज ०.७ युनिट, महिन्याला २१ युनिट. एका युनिटला सगळे आकार धरून ८ रुपये मानले तर १६८ रुपये महिना आणि वर्षाला दोन हजारांवर. तोच संगणक सस्पेंडमध्ये ३ वॅट घेत असेल तर महिन्याला सव्वा युनिट, साधारण १० रुपये. हायबरनेटमध्ये त्याहूनही कमी, जवळपास बंद संगणकाएवढंच.

तुमचा खरा दर बिलावर बघा, तो घालून हिशोब करा. घरगुती ग्राहकाने आणखी एक गोष्ट बघावी. महावितरणच्या दराचे टप्पे १०० युनिटनंतर आणि ३०० युनिटनंतर बदलतात. तुमचा वापर नव्वदच्या आसपास असेल तर ही २१ युनिटं तुम्हाला वरच्या, महाग टप्प्यात नेतात.

हा आकडा लक्षात ठेवा. दुरुस्तीवर किती खर्च करणं परवडतं हे त्यावरूनच ठरतं. वर्षाला दोन हजार वाचवण्यासाठी पाच हजारांचा बोर्ड बदलणं शहाणपणाचं नाही. रोज रात्री शट डाउन करणं फुकट आहे.

चार तपासण्या, खर्च शून्य

आधी उघडं काम जतन करा. मग 'टर्मिनल' उघडा. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना इंग्रजी लहान अक्षरांत टंका. यातल्या कुठल्याही तपासणीने संगणकात काही बदलत नाही.

१. *कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय म्हणतो?* 'कॅट /सिस/पॉवर/स्टेट' ('सिस' म्हणजे एस-वाय-एस). उत्तरात 'फ्रीझ', 'मेम', 'डिस्क' असे शब्द येतात. 'मेम' म्हणजे सस्पेंड, 'डिस्क' म्हणजे हायबरनेट. 'डिस्क' हा शब्दच नसेल तर कर्नलने हायबरनेट अडवलं आहे, आणि याचं नेहमीचं कारण तिसऱ्या तपासणीत सापडतं. त्याच ठिकाणची 'मेम_स्लीप' ही फाईलही बघा. तिच्यात 'डीप' दिसलं तर यंत्राला खोल झोप येते. नुसतंच 'एस२आयडल' दिसलं तर हलकी झोप, ज्यात वीज जास्त खर्च होते.

२. *स्वॅप किती?* 'फ्री -एच'. दोन ओळी दिसतील. समजा 'मेम'समोर ७.६ जीआय आणि 'स्वॅप'समोर २.० जीआय आहे. म्हणजे ८ जीबी रॅमचा संगणक आणि जेमतेम २ जीबी स्वॅप. दोन-चार कार्यक्रम उघडे असतील तर त्यांचा मजकूर या जागेत मावणार नाही. उबुंटूने २०१७ सालच्या १७.०४ आवृत्तीपासून स्वॅपसाठी वेगळं विभाजन करण्याऐवजी छोटी फाईल ठेवायला सुरुवात केली, म्हणून ही स्थिती फार संगणकांवर सापडते. फेडोरा या आणखी एका लिनक्सवर स्वॅप दिसतो, पण तो रॅममध्येच बनवलेला 'झेडरॅम' असतो. वीज गेली की तोही गेला, त्यामुळे हायबरनेटला त्याचा उपयोग नाही.

३. *सिक्युअर बूट चालू आहे का?* ही संगणक सुरू होताना फक्त विश्वासू प्रणालीच चालू देणारी बायोसमधली सोय. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' (एम-ओ-के-यू-टी-आय-एल). 'एनेबल्ड' आलं तर उबुंटू, डेबियन, फेडोरा यांचं कर्नल हायबरनेट होऊ देत नाही. डिस्कवर लिहून ठेवलेल्या मजकुरात मधल्या वेळात कोणी फेरफार केला तर तो ओळखण्याची सोय नाही, म्हणून ही बंदी.

४. *झोपेला टाळं लावलंय का?* 'सिस्टमसीटीएल स्टेटस स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट'. कुठे 'मास्क्ड' दिसलं तर आधी कोणीतरी मुद्दाम झोप बंद केली आहे. संगणक दिवसभर जागा राहावा म्हणून लॅबमध्ये किंवा सेवा केंद्रात हे करून ठेवतात, आणि तोच संगणक पुढे दुसऱ्याला विकला जातो.

आता प्रत्यक्ष परीक्षा. सगळं बंद करून 'सिस्टमसीटीएल सस्पेंड' द्या. संगणक झोपला आणि बटण दाबल्यावर नीट उठला, तर यंत्र ठीक आहे, दोष फक्त यादीचा. नकार मिळाला तर पडद्यावर कारणाचं एक वाक्य येतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दुरुस्तीवाल्याच्या अर्ध्या तासाचं काम तो फोटो करतो.

कारण सापडलं, आता इलाज

*यादीच पर्याय लपवते.* उबुंटूने २०१२ सालच्या १२.०४ आवृत्तीपासून हायबरनेट यादीतून काढला, कारण सगळ्या यंत्रांवर तो भरवशाने चालत नव्हता. ग्नोम डेस्कटॉपही तो आपणहून दाखवत नाही. कमांडने हायबरनेट होत असेल तर परवानगीचा एक 'पोलकिट' नियम लिहून आणि ग्नोमचं 'हायबरनेट स्टेटस बटन' हे एक्स्टेन्शन घालून तो यादीत आणता येतो. एक्सएफसीई डेस्कटॉपवर सत्राच्या सेटिंगमध्ये 'शो सस्पेंड' आणि 'शो हायबरनेट' अशा नोंदी असतात, त्या बंद असतील तर चालू करा. खर्च शून्य.

*मास्क्ड.* 'सुडो सिस्टमसीटीएल अनमास्क' लिहून पुढे चौथ्या तपासणीतली तीच तीन नावं आणि 'हायब्रिड-स्लीप.टार्गेट' द्या. संगणक पुन्हा सुरू करा. खर्च शून्य.

*स्वॅप अपुरा.* रॅमएवढा, शक्यतो थोडा जास्त स्वॅप करा. ८ जीबी रॅमला १० जीबी पुरतो. नवा स्वॅप केला की काम संपत नाही, आणि नेमकं इथेच पुष्कळ जण अडकतात. संगणक उठताना मजकूर कुठून वाचायचा, तो पत्ता 'रिझ्यूम' या नावाने 'ग्रब'च्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये लिहावा लागतो. स्वॅप फाईल असेल तर फाईल डिस्कवर कुठून सुरू होते तो आकडा 'रिझ्यूम_ऑफसेट' म्हणून जोडावा लागतो. मग 'अपडेट-ग्रब' आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवायचं. पत्ता चुकला तर संगणक हायबरनेट होतो, पण उठताना नव्याने सुरू होतो आणि उघडं काम जातं. टर्मिनलची सवय नसेल तर एवढं काम माहीतगाराकडून करून घ्या. यासाठी फॉरमॅट लागत नाही, रॅम वाढवावी लागत नाही. उलट रॅम वाढवली तर स्वॅपही वाढवावा लागेल.

*सिक्युअर बूट.* बायोसमध्ये जाऊन तो बंद करता येतो, खर्च शून्य. पण दोन गोष्टी आधी बघा. त्याच संगणकावर विंडोजही असेल आणि त्यातलं डिस्क कूटबद्ध करणारं 'बिटलॉकर' चालू असेल, तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी लिहून ठेवा. दुसरं, सेवा केंद्रावर लोकांची आधार, सातबारा, बँकेची कागदपत्रं उघडी असतात. हायबरनेट करताना ती सगळी डिस्कवर लिहिली जातात. स्वॅप कूटबद्ध नसेल तर डिस्क चोरीला गेल्यावर ती वाचता येतात. अशा ठिकाणी सिक्युअर बूट चालू ठेवून रोज शट डाउन करणंच योग्य.

*बायोस आणि सेल.* जुन्या बोर्डांवर बायोसमध्ये 'सस्पेंड मोड' किंवा 'एसीपीआय सस्पेंड टाइप' असा पर्याय असतो, तो 'एस३' (खोल झोप) वर हवा. वीज गेली की संगणकाची तारीख दरवेळी काही वर्षं मागे जाते का? मग बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय, आणि त्याच्याबरोबर बायोसमधले तुमचे बदलही पुसले जात असतील. सेल बदला, तारीख लावा, 'एस३' पुन्हा निवडा. शंभर रुपयांच्या आतलं काम.

*उठतो, पण पडदा काळा.* हा प्रश्न वेगळा, तो बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर तुमच्या आवृत्तीने सुचवलेला ड्रायव्हर घाला आणि 'एनव्हिडिया-सस्पेंड', 'एनव्हिडिया-हायबरनेट', 'एनव्हिडिया-रिझ्यूम' या तिन्ही सेवा चालू आहेत ना ते बघा. खर्च फक्त डाउनलोडच्या डेटाचा.

*झोपतो आणि लगेच जागा होतो.* माउस किंवा कीबोर्डच्या सिग्नलने असं होतं. यूएसबीची उपकरणं एकेक काढून बघा, दोषी सापडेल.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्यांनी एक पथ्य पाळावं. एक प्रणाली हायबरनेट असताना दुसरी सुरू करून सामाईक ड्राइव्हवर काही लिहू नका, फायली खराब होतात. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' हेही अर्धं हायबरनेटच आहे, ते बंद ठेवा.

खर्चाचा अंदाज

हे आकडे घासाघीस सुरू करण्यापुरते आहेत. मेमरी आणि एसएसडी यांचे भाव २०२५ च्या अखेरीपासून झपाट्याने चढले आहेत, म्हणून त्या दोन्हींचा भाव त्या दिवशीचाच विचारा.

- तपासणी, अनमास्क, यादीतला पर्याय, सिक्युअर बूट: घरी केलं तर ० रुपये
- बायोसचा सेल: १०० रुपयांच्या आत
- बॅकअपसाठी किंवा लिनक्स टाकण्यासाठी पेन ड्राइव्ह: ३०० ते ५०० रुपये
- कारागीर घरी येण्याचा आकार: २०० ते ५०० रुपये
- स्वॅप आणि रिझ्यूमची जुळणी, दुकानात: ३०० ते ६०० रुपये
- डेटा काढून लिनक्स नव्याने टाकणं: ५०० ते १,००० रुपये
- जुन्या यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी: ८०० ते १,२०० रुपये
- नवा ६०० व्हीए यूपीएस: २,५०० ते ३,५०० रुपये
- २४० ते २५६ जीबी सॅटा एसएसडी: २,००० ते ४,००० रुपये

पैसे घालायचेच असतील तर आधी यूपीएसमध्ये घाला. अचानक वीज गेल्याने होणारं डिस्कचं नुकसानही त्याने टळतं. लहान यूपीएस झोपलेल्या संगणकाला बराच वेळ सांभाळतो, पण रात्रभराची खात्री देत नाही. जुनी हार्ड डिस्क असेल तर त्यानंतर एसएसडीचा विचार करा. हायबरनेटमधून उठायला लागणारा वेळ तिने खूप कमी होतो, आणि बाकी संगणकही चपळ होतो. या कामासाठी मदरबोर्ड बदलू नका.

दुकानात जाताना

नेवासा फाट्यावरून अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर दोन्ही साधारण साठ किलोमीटरवर आहेत. कॅबिनेट घेऊन तिकडे जाण्यात गाडीभाडं आणि दिवस दोन्ही जातात. ही अडचण सॉफ्टवेअरची असते, म्हणून आधी गावात किंवा तालुक्याला लिनक्स जाणणारा माणूस शोधा. मोठ्या शहरात जाणं फक्त सुट्या भागासाठी.

बरोबर चार तपासण्यांची उत्तरं लिहिलेला कागद, नकाराच्या वाक्याचा फोटो, आणि लिनक्सचं नाव व आवृत्ती न्या. डेटाचा बॅकअप घरीच घ्या. मग हे विचारा:

- लिनक्सवर स्वॅप आणि रिझ्यूमचं काम याआधी केलंय का?
- फॉरमॅट न करता होईल का? नाही तर का नाही?
- काम झालं नाही तर किती घेणार?
- एखादा भाग बदलला तर जुना भाग परत मिळेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'विंडोज टाकून देतो, त्यात सगळं दिसेल' असं आलं तर कागद उचला आणि पुढचं दुकान बघा. तुमची अडचण सोडवण्याऐवजी ते तुमची प्रणालीच बदलतायत.

पैसे देण्याआधी दुकानातच परीक्षा घ्या. एक पत्र अर्धं टंकून जतन न करता हायबरनेट करायला सांगा. प्लग भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा लावा. अर्धं पत्र तसंच समोर आलं तर काम झालं. सस्पेंडही लागोपाठ तीनदा करून बघा. एकदा उठला आणि दुसऱ्यांदा अडकला, असं पुष्कळदा होतं.

बिल घ्या, हक्क सांभाळा

बिलावर काम स्पष्ट लिहून घ्या. 'संगणक दुरुस्ती' एवढंच पुरेसं नाही. 'स्वॅप १० जीबी, रिझ्यूम जुळणी, हायबरनेट तपासून दिलं' असं हवं. सुटा भाग असेल तर कंपनी, सीरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तीनशे रुपयांच्या कामालाही हे लागू आहे.

वाद झालाच तर आधी दुकानदाराशी शांतपणे बोला. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मात्र हातात बिल नसेल तर यातलं काहीही अवघड होऊन बसतं.

दुरुस्ती करणाऱ्या तरुणांनाही एक विनंती. तालुक्यात लिनक्स वापरणारे वाढतील तशी या कामाला मागणी येईल. स्वॅप आणि रिझ्यूमची जुळणी एकदा नीट शिकून घ्या आणि तिचा दर दुकानात लावून ठेवा. फॉरमॅटचे पाचशे एकदाच मिळतात. नेमकं कारण शोधून देणाऱ्याकडे माणूस आपल्या शेजाऱ्यालाही घेऊन येतो.

आणि ग्राहकांनो, आज संध्याकाळी संगणक बंद करण्याआधी त्या चार कमांड चालवा, उत्तरं कागदावर उतरवा. निम्म्या जणांचं काम तिथेच होईल, उरलेल्यांना कशासाठी आणि किती पैसे मोजायचे ते कळलेलं असेल.